बेळगावचा नांगर, कुंडलचा माळ : लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माल कसा घडवला आणि माणसं कशी घडवली

बेळगावात किर्लोस्कर रोड आहे. रोज हजारो लोक त्या रस्त्याने जातात, खरेदी करतात, रिक्षा थांबवतात. पण हा रस्ता कोणत्या किर्लोस्करांच्या नावाचा, असं विचारलं तर निम्मे लोक नाटकवाल्या अण्णासाहेबांचं नाव घेतात आणि निम्मे पंपाचं. दोन्ही उत्तरांचं मूळ एकाच गावात आहे. संगीत रंगभूमीचे अण्णासाहेब (जन्म १८४३) आणि कारखानदार लक्ष्मणराव (जन्म २० जून १८६९) हे दोघेही आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे.

लक्ष्मणरावांवर आजवर पुष्कळ लिहून झालं आहे. बहुतेक लिखाण 'शून्यातून विश्व' या धाटणीचं असतं आणि ते वाचायला बरं वाटतं. पण त्यात दोन प्रश्न राहून जातात. पहिला प्रश्न मालाचा. इंग्लंडहून तयार नांगर येत असताना इथल्या शेतकऱ्याने इथल्या कारखान्याचा नांगर का घ्यावा? दुसरा प्रश्न माणसांचा. हा माल बनवणारे लोक आले कुठून? त्या काळी इंजिनिअरिंग शिकलेला माणूस हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. जो होता तो सरकारी नोकरीत. मग कारखाना चालवला कुणी? या लेखात मुख्यतः या दोन प्रश्नांचीच उत्तरं शोधायची आहेत.

चित्रकलेतून यंत्राकडे

वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात यंत्राचा गंधही नाही. मुलाला मात्र चित्रांचा आणि यंत्रांचा नाद. १८८५ च्या सुमारास तो मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. तिथे लक्षात आलं की आपल्याला काही रंगांमधला फरक नीट कळत नाही. चित्रकार होण्याचा रस्ता तिथेच बंद झाला. दुसरा कोणी असता तर गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेष धरली. यंत्रांची रेखाचित्रं काढायला ते शिकले आणि १८८७ मध्ये नव्यानेच सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक म्हणून लागले.

इथे त्यांचं खरं शिक्षण झालं. वर्गात ड्रॉइंग शिकवायचं आणि उरलेल्या वेळात वर्कशॉपमध्ये जाऊन यंत्र उघडून बघायचं. कागदावरचा माणूस आणि यंत्रावरचा माणूस हे दोन वेगळे वर्ग मानले जात. ड्रॉइंग काढणाऱ्याच्या हाताला तेल लागत नसे, आणि मिस्त्रीला ड्रॉइंग वाचता येत नसे. लक्ष्मणराव दोन्हीकडे वावरले. पुढे त्यांच्या कारखान्याची सगळी शिस्त या एका गोष्टीतून आली, असं माझं मत आहे.

१८८८ मध्ये थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, यांच्यासोबत बेळगावात सायकलचं दुकान सुरू झालं. पाटीवर नाव 'किर्लोस्कर ब्रदर्स'. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली घ्यायच्या आणि बेळगावला पाठवायच्या. रामूअण्णांनी त्या विकायच्या आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचं. शिकवण्याचे १५ रुपये घेत, असं सांगतात. सायकल ही तेव्हा चैनीची वस्तू. ती विकून धंद्याची सवय लागली, पण कारखानदारी अजून दूर होती.

मुंबईची नोकरी सुटली ती बढतीवरून. ज्या जागेवर त्यांचा हक्क होता, ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावची गाडी धरली. हा प्रसंग सगळे चरित्रकार सांगतात आणि तो स्वाभिमानाची गोष्ट म्हणून सांगतात. तो तसा आहेच. पण त्याला आणखी एक बाजू आहे. माणसाचं काम न बघता त्याचा वंश बघून जागा दिली जाते, हे त्यांनी स्वतः सोसलं होतं. पुढे स्वतः माणसं निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी काय केलं, ते थोडं पुढे पाहू.

चाळीस नांगर आणि दोन वर्षं

बेळगावात आल्यावर पहिला माल निघाला तो कडबा कापण्याच्या यंत्राचा. मागोमाग लोखंडी नांगर आला. विसाव्या शतकाची ती पहिलीच वर्षं. सुरुवातीचे ४० नांगर तयार झाले आणि ते विकायला तब्बल दोन वर्षं लागली. लोखंडाने जमिनीला विष बाधतं, पीक जळतं, असं शेतकरी म्हणत.

ही गोष्ट सांगताना वक्ते साधारणपणे हसतात आणि श्रोतेही हसतात. 'बघा, किती अडाणीपणा!' पण जरा शेतकऱ्याच्या बाजूने विचार करून बघूया.

लाकडी नांगर गावातला सुतार करायचा. त्याचा फाळ गावातला लोहार ठोकायचा. फाळ बोथट झाला की तापवून, ठोकून पुन्हा धार काढून मिळायची. दोघेही बलुतेदार, त्यामुळे सुगीला धान्य दिलं की वर्षभराची दुरुस्ती झाली. रोख पैशांचा प्रश्नच नाही. आता बिडाचा नांगर आला. बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते तापवून ठोकायला गेलं तर तुटतं. म्हणजे गावच्या लोहाराचा इथे उपयोग नाही. फाळ झिजला की दुसरा फाळ विकत आणायचा, तोही रोख पैसे देऊन, तोही बेळगावहून. ऐन पेरणीआधी तो मिळाला नाही तर? मिळाला आणि भोकांत बोल्ट बसला नाही तर? 'जमिनीला विष बाधेल' या वाक्यामागे हा सगळा हिशोब होता. शेतकरी मूर्ख नव्हता, तो सावध होता.

यातून कारखानदारापुढे नेमकं काम उभं राहिलं. नांगर विकायचा असेल तर नुसता नांगर चांगला असून भागणार नाही. आज घेतलेल्या नांगराला पाच वर्षांनी घेतलेला फाळ तंतोतंत बसला पाहिजे. प्रत्येक फाळ प्रत्येक नांगराला. आज आपण याला सहज 'स्पेअर पार्ट' म्हणतो. पण हाताने वाळूचा साचा करून, भट्टीतलं बीड पळीने ओतून हे साधायचं म्हणजे काय, ते ओतकाम पाहिलेल्यालाच कळेल. लाकडी पॅटर्न पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. बीड थंड होताना आटतं, म्हणून पॅटर्न थोडा मोठाच करावा लागतो. वाळू जास्त ओली राहिली तर वाफ कोंडून आत पोकळी राहते. ती वरून दिसत नाही. दिसते ती शेतात, फाळ दगडाला लागून दोन तुकडे झाल्यावर.

शिवाय फाळाचा एक वेगळा पेच आहे. बीड फार कडक झालं तर फाळ काचेसारखा फुटतो, मऊ राहिलं तर आठवड्यात झिजतो. इंग्लंडमध्ये इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समने १८०३ मध्ये यावर तोडगा काढला होता. फाळाची एक बाजू साच्यातल्या थंड लोखंडावर ओतायची. ती बाजू झटकन गोठून कडक होते, दुसरी मऊ राहते. मऊ बाजू आधी झिजते आणि कडक बाजूला आपोआप धार येत राहते. विलायती नांगराच्या मागे अशी शंभर वर्षांची मेहनत होती. तिच्याशी बेळगावच्या छोट्या कारखान्याची बरोबरी व्हायची होती, तीही कमी किमतीत.

अखेर लोखंडी नांगर चालला तो हरळी आणि कुंद्यामुळे. कृष्णाकाठच्या काळ्या रानात या तणांच्या मुळ्या खोल जातात. लाकडी नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपून उन्हाळाभर रान नांगरायचं, तरी पावसात हरळी हजर. लोखंडी नांगर माती उलथी करून टाकतो, मुळ्या उन्हात वाळतात. एका शेतकऱ्याने वापरला, शेजाऱ्याने बांधावरून पाहिला, आणि पुढच्या वर्षी शेजाऱ्यानेही घेतला. जाहिरात पुढे आली. आधी बांधावरचा शेजारी होता.

बेळगाव सुटलं

धंदा रुळावर येतो न येतो तोच जागेचा प्रश्न आला. शहराची वस्ती वाढवण्याच्या योजनेत कारखान्याची जागा गेली. नवी जागा, नवी बांधकामं, आणि हातात पैसा नाही.

अशा वेळी औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. ते स्वतः चित्रकार, कलांचे भोक्ते. १९०९ मध्ये ते गादीवर आले. औंध संस्थान म्हणजे नकाशावर इकडे-तिकडे सांडलेले तुकडे. त्यातल्या कुंडलजवळच्या तुकड्यात, कुंडल रोड रेल्वे स्टेशनला लागून, ३२ एकर माळ त्यांनी देऊ केला आणि १० हजार रुपये कर्जाऊ दिले. १० मार्च १९१० रोजी बेळगावचं बिऱ्हाड तिथे हललं. बरोबर कामगार आणि त्यांची कुटुंबं होती. माळावर निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट, पिण्याच्या पाण्याचे हाल. एकच सोय होती, ती म्हणजे रेल्वे. कोळसा आणि कच्चं लोखंड येणार रेल्वेने, नांगर जाणार रेल्वेने. पुढे स्टेशनचंच नाव किर्लोस्करवाडी झालं. आज हे गाव सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात येतं.

बेळगावकरांनी इथे क्षणभर थांबावं. ज्या कारखान्याने पुढे देशभर पंप, इंजिनं आणि लेथ पाठवले, तो आपल्या शहरातून एका जागेच्या प्रश्नावरून गेला. तो इथेच राहिला असता तर काय झालं असतं, याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. पण उद्योग शहरात येतो तेव्हा टाळ्या वाजतात, जातो तेव्हा कागद हलतात, एवढं यातून दिसतं.

नापास, अर्धशिक्षित आणि शिक्षा भोगलेले

आता दुसरा प्रश्न, माणसांचा. किर्लोस्करवाडीच्या पहिल्या फळीची यादी पाहिली की आजच्या एखाद्या कंपनीचा मनुष्यबळ अधिकारी चक्रावून जाईल.

रामूअण्णा वसाहतीची आखणी आणि कारभार बघत. शंभोराव जांभेकर यंत्रांचे जाणकार, इंजिन दुरुस्तीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मंगेशराव रेगे कारकुनी आणि हिशोब सांभाळत. के. के. कुलकर्णी परीक्षेत नापास झालेले. त्यांच्याकडे व्यवस्थापन आलं, सरकारी अधिकारी आणि पाहुणे यांच्याशी बोलणं आलं, आणि ते त्यांनी उत्तम निभावलं. अनंतराव फळणीकर यांची शाळा अर्ध्यात सुटलेली, आणि नवनव्या यंत्ररचना सुचणारा इंजिनिअर म्हणून त्यांचं नाव झालं. म्हणजे शाळेने ज्यांना 'काही उपयोगाचे नाहीत' म्हणून बाजूला काढलं, त्यातलेच काही इथे कारखान्याचे खांब झाले.

याहून मोठी गोष्ट रखवालीची. माळावरच्या एकाकी वसाहतीला रात्रीचा पहारा हवा होता. लक्ष्मणरावांनी तो दिला दरोड्याच्या गुन्ह्यांत शिक्षा भोगून आलेल्या माणसांना. तुकाराम रामोशी हे त्यातलं नाव किर्लोस्करवाडीच्या आठवणींमध्ये आजही घेतलं जातं. तेव्हाचा काळ ध्यानात घ्या. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संबंध जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवायची सोय सरकारला करून दिली होती. अशा माणसाला गावात कोणी दारात उभं करत नसे. इथे त्याच्या हातात कंदील आणि काठी देऊन सांगितलं गेलं की तू जागा राहा, आम्ही झोपतो. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हाही नियम होता. १९१० च्या आसपास, आपल्या मुलखात, हा नियम करणं सोपं नव्हतं आणि अमलात आणणं त्याहून कठीण.

याला कोणी दया म्हणेल. मला ते पुरेसं वाटत नाही. ओतशाळेत दया चालत नाही. भट्टीतलं बीड जात बघत नाही, पदवी बघत नाही. साचा नीट झाला तर ओतीव नीट, नाहीतर ते पुन्हा भट्टीत. कामाची पारख इतकी उघडी असते की माणसाची पारख करायला दुसरं मोजमाप लागतच नाही. नापास मुलाने बनवलेला फाळ नांगराला बसला तर तो मुलगा पास. चांगला माल हवा असेल तर माणसाकडे कामाच्या नजरेने बघावं लागतं, आणि कामाच्या नजरेने बघू लागलं की जात-प्रमाणपत्र-पूर्वायुष्य मागे पडतं. लक्ष्मणरावांच्या बाबतीत मालाचा दर्जा आणि माणसांची निवड या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या, त्या एकाच सवयीतून आल्या. आणि ही सवय लागायला मुंबईतली ती हुकलेली बढती कारणी लागली असावी, असं मानायला जागा आहे.

शिकवण्याची पद्धतही वर्कशॉपचीच. कुंडल-पलूस पट्ट्यातली शेतकऱ्यांची पोरं हेल्पर म्हणून लागायची, मिस्त्रीच्या हाताखाली उभी राहायची. कानस कशी धरायची इथपासून सुरुवात. त्यांना वाचून दाखवायला मराठीत पुस्तक नव्हतं. शिकवणारा शेजारी उभा असायचा, एवढंच.

युद्धाची परीक्षा

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं. विलायती नांगर यायचे बंद झाले, म्हणजे बाजार मोकळा झाला. पण त्याबरोबर बाहेरून येणारं कच्चं लोखंड, कोळसा, रंग हेही आटलं. मागणी आहे आणि कच्चा माल नाही, ही कारखानदाराची सगळ्यात अवघड घडी. अशा वेळी दर्जा घसरतो. हाताला लागेल ती मोड भट्टीत टाकायची, रंग पातळ करायचा, गिऱ्हाईक घेतंयच ना! किर्लोस्करवाडीत तेव्हा पर्याय शोधण्याचे उद्योग चालले. मोडीतलं लोखंड गोळा करणं, इथल्याच पदार्थांपासून रंग बनवणं, इंधनाची दुसरी सोय लावणं. ज्यांना पदवी नव्हती त्या शंभोरावांसारख्या माणसांची बुद्धी इथे कामी आली. पुस्तकात उत्तर नसलेला प्रश्न सोडवायला पुस्तकाबाहेर शिकलेला माणूस लागतो.

युद्ध संपल्यावर विलायती माल परत आला, पण किर्लोस्कर नांगराने जागा सोडली नाही. १९२० मध्ये पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढलं. कारखान्याच्या बातम्या सांगण्यासाठी निघालेलं हे पत्र पुढे मराठीतलं नामवंत मासिक झालं, आणि त्याच माळावरून १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघालं. नांगराच्या कारखान्यातून निघालेल्या या मासिकांनी मराठी घरांत जी विचारांची नांगरणी केली, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

पुढची पिढी

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव १९२२ मध्ये अमेरिकेत एमआयटीला शिकायला गेले आणि १९२६ मध्ये परत आले. ज्या कारखान्यात शाळा सुटलेली माणसं खांब होती, तिथे आता जगातल्या नामांकित संस्थेची पदवी आली. असं झालं की जुन्या मिस्त्रीचा आणि नव्या साहेबाचा खटका उडतो. तो इथेही थोडाफार उडाला असेल, पण दोघांनी एकत्र काम केलं हे निकालावरून दिसतं. नांगर आणि चरकाच्या पुढे पंप, लोखंडी फर्निचर, मग लेथ आणि डिझेल इंजिन असा माल वाढत गेला.

यात लेथला मी सगळ्यात वरचं स्थान देतो. नांगर शेत नांगरतो, पंप पाणी उपसतो. लेथ मात्र दुसरी यंत्रं बनवतो. त्यात केसाएवढी चूक राहिली तर त्यावर कातलेल्या प्रत्येक भागात ती उतरते. नांगराच्या फाळापासून लेथपर्यंत येणं म्हणजे दर्जाच्या शिडीवर तळापासून माथ्यापर्यंत येणं. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहर इथे म्हैसूर किर्लोस्कर कंपनी निघाली ती लेथसाठीच. १९४६ मध्ये पुण्याजवळ ऑइल इंजिन्सचा आणि बेंगळुरूला विजेच्या मोटारींचा कारखाना सुरू झाला. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने टपाल तिकीट काढलं.

किर्लोस्कर कुणाचे?

आपल्याकडे सीमाभागात हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. गुर्लहोसूरचे म्हणून कर्नाटकाचे, मराठी म्हणून महाराष्ट्राचे, असा वाद चहाबरोबर चालतो. प्रत्यक्षात त्यांची वाट बघितली तर ती एका रेषेच्या कुठल्याच बाजूला बसत नाही. जन्म कन्नड मुलखातल्या मराठी घरात, शिक्षण मुंबईत, पहिलं दुकान आणि पहिला नांगर बेळगावात, वसाहत औंधच्या राजाच्या माळावर, लेथ हरिहरला, मोटारी बेंगळुरूला. शेतकरी गिऱ्हाईक कृष्णा-मलप्रभेच्या दोन्ही अंगांना. नांगर घेणाऱ्याने भाषा विचारली नाही आणि कारखान्याने फाळ बसतो का एवढंच पाहिलं.

आज बेळगाव ओतकामासाठी ओळखलं जातं. उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत, मशीनशॉप आहेत, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे मोल्डर आणि टर्नर आहेत. त्यांच्यातल्या कितीतरी जणांची शाळा दहावीला किंवा त्याआधीच संपलेली. कारखान्याच्या दारावर मात्र आता आधी प्रमाणपत्र मागतात, मग हात बघतात. आपल्या भागाचा इतिहास जपणाऱ्या लोकांनी या माणसांच्या आठवणीही टिपून ठेवायला हव्यात. कोणत्या मिस्त्रीने कोणाला शिकवलं, कोणत्या कामाचा कोणता बारकावा कोणाकडून आला, पहिली भट्टी कोणी पेटवली, हे कुठल्याही दप्तरात सापडत नाही. ते साठी-सत्तरी ओलांडलेल्या कामगारांच्या डोक्यात आहे. ज्यांच्या घरात असा कोणी असेल त्यांनी एक दुपार काढावी, शेजारी बसावं आणि लिहून घ्यावं. लक्ष्मणरावांचं नाव रस्त्याला मिळालं, शंभोराव आणि अनंतरावांची नावं निदान पुस्तकांत आली. त्यांच्या हाताखालच्या शेकडो हातांची नावं लिहायची राहून गेली, आणि उद्यमबागेतल्या हातांच्या बाबतीत तसं होऊ नये, एवढं आपल्या हातात आहे.